पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या हद्दीवरची रुग्णवाहिका: जवळची गाडी कुणाची, आणि ती परत कधी येते?

मुळाकाठ

दोन्ही महापालिकांनी रुग्णवाहिका एकमेकांना वापरू द्याव्यात ही मागणी वरचेवर ऐकू येते. ती नेमकी कुठल्या गाडीबद्दल आहे हे मात्र कुणी सांगत नाही, म्हणून हा धागा. जाणकारांनी तपशिलात लिहावं.

आधी कुठली गाडी कुणाची ते पाहू. १०८ राज्य सरकारची आहे. ती जानेवारी २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली: २३३ ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्टच्या (व्हेंटिलेटर वगैरे असलेल्या), ७०४ बेसिकच्या, आणि गाडीवर डॉक्टर. फोन राज्यातून कुठूनही लावा, तो औंधच्या नियंत्रण कक्षात येतो. म्हणजे १०८ ला पालिकेची हद्द मुळात लागूच नाही. १०२ गरोदर माता आणि बालकांसाठी. त्यानंतर दोन्ही महापालिकांच्या आपापल्या गाड्या, अग्निशमन दलाच्या, कॅन्टोन्मेंटच्या, खाजगी रुग्णालयांच्या आणि गणेश मंडळांच्या. हद्द आडवी येते ती या दुसऱ्या गटात.

हद्द बऱ्याच ठिकाणी मुळा नदीची आहे. अलीकडे बोपोडी, औंध, बाणेर, बालेवाडी. पलीकडे दापोडी, सांगवी, पिंपळे निलख, वाकड. हिंजवडी यांपैकी कुठल्याच पालिकेत नाही, ती ग्रामपंचायत आहे. पोलिसांची हद्द आणखी वेगळी: १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय स्वतंत्र झालं आणि हिंजवडी, चाकण, तळेगाव त्यात गेले.

माझं मत आधीच सांगतो. पूल ओलांडणं हा यातला सर्वांत सोपा भाग आहे. गाडी अडकते ती रुग्णालयाच्या दारात, आणि तिथे अडकली की मागे राहिलेला भाग उघडा पडतो. करार करायचा तर तो या दोन गोष्टींचा करावा.

हिरवा_कंदील

नियंत्रण कक्षाच्या बाजूने लिहितो.

"जवळची गाडी" हा शब्दच फसवा आहे. नकाशावर सरळ रेष काढली तर बालेवाडीतली गाडी वाकडच्या कडेला असलेल्या सोसायटीपासून हाकेच्या अंतरावर दिसते. मध्ये नदी, आणि पूल कुठे आहे त्यावर सगळं. बोपखेलचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. २०१५ मध्ये सीएमईतून (लष्कराच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून) जाणारा रस्ता बंद झाला आणि नदीपलीकडे समोर दिसणाऱ्या खडकीला जायला दिघी-विश्रांतवाडीचा वळसा पडू लागला. म्हणून गाडी निवडताना अंतर नव्हे, त्या वेळच्या रहदारीत रस्त्याने लागणारी मिनिटं धरायला हवीत. नकाशावर पुलांची यादी वेगळी ठेवावी: कुठला पूल कधी तुंबतो, कुठल्या पुलावर उंचीची कमान आहे, कुठला पुरात बंद होतो. बोपोडी आणि दापोडी जोडणाऱ्या हॅरिस पुलाची संध्याकाळची वेळ आणि पहाटेची वेळ एकच धरली तर संगणक चुकीची गाडी पाठवणार.

दुसरी अडचण नावांची. पिंपळे गुरव, पिंपळे निलख, पिंपळे सौदागर. वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक, वडगाव मावळ. गणेशनगर तर दोन्ही शहरांत आहे. सगळ्यात मोठा घोटाळा औंध जिल्हा रुग्णालयाचा: नाव औंधचं, जागा सांगवी फाट्यावर, नदीच्या उत्तरेला. "औंध हॉस्पिटलच्या मागे" असं फोन करणाऱ्याने सांगितलं आणि ऐकणाऱ्याने औंध गाव धरलं, की गाडी नदीच्या चुकीच्या काठावर जाते. फोन घेणाऱ्याने प्रत्येक हद्दीवरच्या पत्त्याला एकच प्रश्न जास्तीचा विचारावा: "नदीच्या कुठल्या बाजूला? सगळ्यात जवळचा पूल कुठला?" पाच सेकंद जातात, दहा मिनिटं वाचतात.

१०१ लावला तर तो कुठल्या अग्निशमन केंद्रात वाजेल हे मोबाइलने कुठला टॉवर पकडला त्यावर ठरतं. बाणेरचा फोन पिंपरीत आणि वाकडचा पुण्यात जाऊ शकतो. तिथे "हे आमच्याकडे येत नाही, तिकडे लावा" असं सांगून फोन ठेवणं हा खरा गुन्हा. नियम साधा असावा: ज्याच्याकडे फोन आला त्याने पत्ता, तक्रार आणि परत फोन करायचा नंबर घ्यायचा, दुसऱ्या कक्षाला जोडून द्यायचा आणि पलीकडून "घेतला" हा शब्द येईपर्यंत लाइनवर थांबायचं.

चाकोरी

कराराच्या भाषेत दोन प्रकार असतात आणि आपल्याकडे ते नेहमी एकत्र कालवले जातात.

पहिला मागणीवरचा. माझ्या गाड्या संपल्या, मी शेजाऱ्याला फोन करतो, तिथला अधिकारी हो म्हणतो, मग गाडी निघते. मोठ्या दुर्घटनेला हा चालतो. हृदयविकाराला चालत नाही, कारण परवानगीतच वेळ जातो.

दुसरा आपोआप लागू होणारा. पहिल्या फोनलाच, कुणाला न विचारता, सर्वांत लवकर पोचणारी गाडी निघते, मग ती कुठल्याही शहराची असो. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात फिनिक्स आणि आजूबाजूची शहरं गेली कित्येक दशकं असंच काम करतात. तिथल्या अग्निशमन दलांकडेच पॅरामेडिक असतात. गाडीचं ठिकाण उपग्रहावरून दिसतं आणि संगणक शहराची सीमा बघत नाही. ते जमतं कारण त्यांनी काही गोष्टी एकसारख्या करून घेतल्या आहेत: गाड्यांचे क्रमांक त्या सगळ्या शहरांत एकाच मालिकेत, रेडिओ एकच, घटनास्थळी कुणाचा हुकूम चालेल याची पद्धत एकच, गाडीवर किमान किती माणसं हेही ठरलेलं.

आपल्याकडे पालिकांच्या गाड्यांचा पहिला अडथळा इथेच येतो. एका पालिकेची "कार्डिॲक" म्हणून रंगवलेली गाडी आणि दुसऱ्या पालिकेची तशीच रंगवलेली गाडी आतून सारखी असेलच असं नाही. रुग्णवाहिकांसाठीच्या एआयएस-१२५ या मानकात चार प्रकार आहेत: अ म्हणजे प्रथम प्रतिसाद देणारी, ब म्हणजे नुसती रुग्ण वाहून नेणारी, क बेसिक, ड ॲडव्हान्स्ड. करारात गाडीचं नाव लिहू नका, हा प्रकार लिहा आणि त्यापुढे त्या क्षणी गाडीत कोण आहे ते. ड प्रकारची गाडी नुसत्या चालकाबरोबर निघाली तर ती ब प्रकारचीच धरायची. व्हेंटिलेटर आहे पण चालवणारा नाही, ही गाडी यादीत "ॲडव्हान्स्ड" दिसते म्हणून पाठवली जाते आणि अर्ध्या तासाने दुसरी मागवावी लागते.

करारात आणखी काय हवं: हद्दीबाहेर अपघात झाला तर विमा आणि कर्मचाऱ्याची भरपाई मूळ पालिकेकडेच राहील असं स्पष्ट कलम, इंधनाचा खर्च ज्याचा त्याने करायचा, आणि दर तिमाहीला दोन्हीकडच्या फेऱ्यांचा हिशेब. प्रत्येक फेरीचं बिल लावू नये. बिल लावलं की चालक हद्दीवर थांबून फोनाफोनी करतो.

दापोडी_बोपोडी

हे सगळं ठीक. पण आपोआप गाडी पाठवण्यात छोटं शहर मोठ्याच्या तोंडी जातं, त्याचं काय? पुण्यात मागणी जास्त. पिंपरीच्या गाड्या दिवसभर नदीपलीकडेच राहतील. कॅनडात ऑटावा शहराबाबत हेच झालं. शहरात एकही गाडी मोकळी नाही अशी स्थिती वारंवार येऊ लागली आणि प्रेस्कॉट-रसेलसारख्या शेजारच्या ग्रामीण भागांच्या गाड्या शहरात ओढल्या जाऊ लागल्या. त्या भागांनी उघड तक्रार केली आणि ती रास्त होती.

मुळाकाठ

ऑटावाचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं, कारण तिथल्या टंचाईचं एक मोठं कारण रुग्णालयाच्या दारातच होतं. रुग्ण उतरवून घ्यायला आत खाट नाही, त्यामुळे पॅरामेडिक रुग्णाजवळ तासन् तास उभे. तिथे हस्तांतरणाला ३० मिनिटांचं माप धरतात आणि तेच मोडत होतं.

गणित करून पाहू. आकडे कल्पित आहेत, फक्त नातं कळावं म्हणून. एका गाडीला दिवसात ८ फेऱ्या, प्रत्येक फेरी फोनपासून परत मोकळं होईपर्यंत ७५ मिनिटं. म्हणजे १० तास. २४ तासांतले साधारण ४२ टक्के ती गुंतलेली. नदीच्या एका काठावर अशा दोनच गाड्या असतील तर दोन्ही एकदम गुंतलेल्या असण्याची शक्यता ०.४२ गुणिले ०.४२, म्हणजे जवळपास १८ टक्के. दर पाच-सहा फोनांमागे एकाला गाडी नाही. आता दोन्ही काठांच्या चार गाड्या एकत्र धरा: चारही गुंतलेल्या असण्याची शक्यता ३ टक्के. वाटून घेण्याचा सगळा फायदा या १८ आणि ३ मध्ये आहे.

पण तीच फेरी रुग्णालयाच्या दारात लांबून ११० मिनिटांची झाली, तर गाडी ६१ टक्के वेळ गुंतते आणि चारही अडकण्याची शक्यता १४ टक्क्यांवर जाते. दोन शहरांनी मिळून कमावलेलं जवळजवळ सगळं एका व्हरांड्यात गेलं. प्रत्यक्षात फोन गठ्ठ्याने येतात, त्यामुळे चित्र याहून वाईट असतं, चांगलं नसतं.

छोट्या शहराच्या रक्षणासाठी शेवटच्या गाडीचा नियम हवा. आपल्या भागात दोनच गाड्या मोकळ्या उरल्या की बाहेर फक्त जिवावरच्या फोनला जायचं: हृदय बंद पडणं, श्वास थांबणं, थांबत नसलेला रक्तस्राव, बेशुद्ध रुग्ण, अडलेली प्रसूती. एकच उरली की तीही जाईल, पण त्याच क्षणी शेजारच्या शहराने आपली एक गाडी पुढे सरकवून पुलाच्या तोंडाशी उभी करायची. दापोडीची गाडी खडकीत गेली की औंधची सांगवी फाट्यावर येऊन थांबली पाहिजे. हे सरकवणं करारात लिहिलेलं नसेल तर कुणी करत नाही, कारण रिकामी गाडी हलवायची जबाबदारी कुणाचीच नसते.

शुश्रूषा

दाराबद्दल लिहिते, कारण मुळाकाठ म्हणतात ते खरं आहे आणि त्याची कारणं फार साधी असतात.

पहिलं कारण स्ट्रेचर. रुग्णालयाकडे मोकळी ट्रॉली नसते, म्हणून रुग्ण रुग्णवाहिकेच्या स्ट्रेचरवरच ठेवला जातो. स्ट्रेचर आत, गाडी बाहेर. दुसरं स्ट्रेचर देऊन गाडी सोडावी म्हटलं तर ते गाडीच्या जमिनीवरच्या खिट्टीत बसत नाही, कारण प्रत्येक बनावटीची खिट्टी वेगळी. दोन पालिकांनी पुढची खरेदी करताना एकच बनावट घेतली तर निम्मं काम होतं. तोवर उपाय: वायसीएम (पिंपरीचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय), पुण्याचं ससून आणि औंध जिल्हा रुग्णालयात प्रत्येकी तीन-चार ट्रॉल्या फक्त रुग्णवाहिकेतून उतरवून घेण्यासाठी वेगळ्या रंगाने रंगवून ठेवाव्यात. वॉर्डात गेली तर परत आणायची जबाबदारी नावानिशी एका माणसावर. स्पाईन बोर्ड (पाठीचा कणा हलू नये म्हणून रुग्णाखाली घालायची फळी) आणि मानेची कॉलर यांचंही तसंच: एक दिला, एक घेतला. रुग्णाबरोबर एक्स-रेला गेलेला बोर्ड परत यायची वाट बघत गाडी थांबवू नये.

दुसरं कारण तोंडी निरोप. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरने सांगितलेलं कॅज्युअल्टीत तीन वेळा, तीन जणांना सांगावं लागतं. चार गोष्टी, याच क्रमाने, एकदाच, सगळे ऐकत असताना: काय झालं, काय दुखापत किंवा त्रास, नाडी-रक्तदाब-श्वास-ऑक्सिजन-शुद्ध यांचे आकडे, आणि काय उपचार दिले किती वाजता. वेळ महत्त्वाची. हृदयविकारात ॲस्पिरिन ३२५ मिलिग्रॅम गाडीत चावून दिली असेल आणि ते कागदावर नसेल तर कॅज्युअल्टीत पुन्हा दिली जाते. पक्षाघातात रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ हवी, कारण गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची मुदत साडेचार तासांची. शेजारच्या शहराच्या गाडीचा कागद वेगळ्या नमुन्याचा असतो आणि ही वेळ कुठल्या रकान्यात आहे तेच सापडत नाही. एकच नमुना, तीन प्रती: रुग्णालय, गाडी, हिशेब.

तिसरं, आणि यात सर्वाधिक वेळ जातो: "हा आमच्या हद्दीतला नाही." अपघाताची केस असेल तर पोलिसांच्या हद्दीचं कारण पुढे येतं. हे कारण कायद्यात टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच सांगितलंय की जीव वाचवणं आधी, पोलिसी सोपस्कार नंतर. एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय प्रकरणाची) नोंद जिथे रुग्ण आला तिथेच होते, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कुठल्याही ठाण्यात हद्द न बघता खबर नोंदवता येते, ती पुढे योग्य ठाण्याकडे जाते. कॅज्युअल्टीच्या भिंतीवर हे दोन ओळींत मराठीत लावा. रात्री दोन वाजता वाद घालणाऱ्याला बोटाने दाखवता आलं पाहिजे.

आणि गाडी निघतानाच फोन. "दहा मिनिटांत येतोय, पुरुष, ५५, छातीत दुखतंय, ईसीजीत बदल आहेत, कॅथ लॅब (अँजिओप्लास्टीची खोली) मोकळी आहे का?" नसेल तर पुलाअलीकडेच दिशा बदलता येते. पूल ओलांडून, दारात पोचून, मग तिसऱ्या रुग्णालयाकडे निघणं म्हणजे एका रुग्णाचे दोन प्रवास. २०२० मध्ये कोविडच्या वेळी पुणे, पिंपरी-चिंचवड, कॅन्टोन्मेंट आणि ग्रामीण भागाच्या खाटा एकाच संकेतस्थळावर दिसत होत्या. तशी सोय अतिदक्षता खाटा, व्हेंटिलेटर, कॅथ लॅब, भाजलेल्यांचा विभाग आणि नवजात अतिदक्षता एवढ्यासाठी तरी कायम हवी होती.

रसायनीकर

हद्दीपलीकडच्या मदतीची चांगली सवय आपल्याच राज्यात आहे, कारखान्यांकडे. ठाणे-बेलापूर, रसायनी-पाताळगंगा, तारापूर या पट्ट्यांत परस्पर मदतीचे गट आहेत, सगळे त्यांना इंग्रजी आद्याक्षरांवरून 'मार्ग' (म्युच्युअल एड रिस्पॉन्स ग्रुप) म्हणतात. एका कारखान्यात गळती झाली की शेजारचा फोम, श्वसनसंच, रुग्णवाहिका पाठवतो.

यातून पालिकांनी उचलावी अशी गोष्ट म्हणजे साहित्याची सामायिक यादी. कुठल्या आवारात काय, किती, किती मिनिटांत निघू शकतं आणि रात्रपाळीत कुणाला विचारायचं. यादी तारखेसह असते आणि सरावात तपासली जाते. चाकण-भोसरीच्या कारखान्यांच्या रुग्णवाहिकाही अशा यादीत आणता येतील. मात्र एक काळजी: रसायन अंगावर सांडलेला कामगार न धुता गाडीत घातला तर गाडी आणि आतली माणसं दोन्ही निकामी होतात. शेजारच्या शहरातून आलेल्या चालकाला हे माहीत नसतं, म्हणून निघतानाच नियंत्रण कक्षाने "आधी धुतलंय का?" विचारायचं.

बांद्याहून

पुणे-पिंपरीची हद्द एकाच राज्यात आहे, हे भाग्य समजा. सिंधुदुर्गात बांदा, दोडामार्ग भागातला गंभीर रुग्ण बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात नेतात, जवळ तेच आहे. इथे १०८ दोन आहेत, महाराष्ट्राची आणि गोव्याची, आणि दोघांचे कक्ष वेगळे. हद्दीवरच्या पत्रादेवीच्या आसपास मोबाइलने पलीकडचा टॉवर पकडला की फोन दुसऱ्या राज्यात. फोन करणाऱ्याने पहिल्या वाक्यात राज्य आणि तालुका सांगावा.

पैशाचाही प्रश्न आहे. २०१८ च्या सुरुवातीला गोव्याने परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं आणि दोडामार्गात मोठं आंदोलन झालं. गाडीची वाट मोकळी असूनही उपचार अडू शकतो, तेव्हा करारात रुग्णालयाचा खर्च कोण देणार हे लिहिलेलं हवं. रस्ते अपघाताला आता २०२५ च्या केंद्राच्या योजनेत सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा विनारोकड उपचार आहे आणि तो जखमी कुठल्या शहरातला हे बघून ठरत नाही. हद्दीवरच्या कॅज्युअल्टीत हे माहीत असलं तर निम्मे वाद वाचतील.

हिरवा_कंदील

दोन प्रसंग राहिले, जेव्हा पूलच उरत नाहीत.

आषाढी वारी. तुकोबांची पालखी निगडी-आकुर्डीकडून दापोडीमार्गे पुण्यात येते, माउलींची आळंदीहून दिघी, विश्रांतवाडीमार्गे. त्या दिवशी पालखीमार्ग ओलांडता येत नाही. म्हणून गाड्या आधीच दोन्ही बाजूंना वाटून ठेवायच्या आणि ज्या बाजूला रुग्ण त्याच बाजूच्या रुग्णालयात न्यायचं, पालिका कुठलीही असो. गर्दीत मोठी गाडी शिरत नाही. दुचाकीवरचं पथक आधी पोचतं, रुग्ण स्ट्रेचरवरून कडेच्या गल्लीत आणतात, गाडी तिथे थांबते. त्या गल्ल्यांची यादी दोन्ही शहरांच्या वाहतूक पोलिसांकडे सारखी असावी.

दुसरा पूर. मुळशी आणि पवना धरणांतून विसर्ग वाढला की सांगवी, दापोडी, बोपोडीत पाणी शिरतं. विसर्गाचा इशारा आला की त्याच तासाला पुलांची यादी काढायची आणि दोन्ही काठांवर किमान एक ॲडव्हान्स्ड गाडी, डायलिसिसवाल्या रुग्णांची यादी आणि ऑक्सिजनचा साठा स्वतंत्र ठेवायचा. नदी चढल्यावर गाडी उधार मागता येत नाही.

चाकोरी

शुश्रूषा, एक विचारायचं होतं. हद्दीबाहेरची फेरी लांबते तेव्हा गाडीत ऑक्सिजन किती वेळ पुरतो, याचा सोपा हिशेब आहे का? करारात किमान साठा लिहायचा झाला तर?

शुश्रूषा

आहे. सिलिंडरची पाण्याची क्षमता लिटरमध्ये, गुणिले घड्याळावरचा दाब बारमध्ये, म्हणजे ऑक्सिजनचे लिटर. बी प्रकारचा सिलिंडर १० लिटरचा, पूर्ण भरलेला १५० बार: १५०० लिटर. ३० बार राखीव सोडायचे, म्हणजे वापरायला १२०० लिटर. पिशवीच्या मास्कने मिनिटाला १५ लिटर लावले तर ८० मिनिटं, १० लिटरला दोन तास. आता घड्याळ ६० बारवर असेल तर वापरायला फक्त ३०० लिटर, १५ च्या गतीने २० मिनिटं. सांगवीहून ससूनला निघून हॅरिस पुलावर अडकलात तर हे पुरणार नाही. गाडीत बसवलेल्या डी प्रकारात याच हिशेबाने १५ च्या गतीने सहा तास मिळतात, पण तो स्ट्रेचरबरोबर आत नेता येत नाही. म्हणून करारात असं लिहा: हद्दीबाहेर निघताना सोबत नेता येणारा एक सिलिंडर किमान १०० बार.

आणि दारात उतरल्यावरची एक बारीक गोष्ट. लहान सिलिंडरच्या तोंडाचे दोन प्रकार प्रचलित आहेत, पिन इंडेक्स आणि बुलनोज. एकाचा रेग्युलेटर दुसऱ्याला बसत नाही. दुसऱ्या पालिकेच्या रुग्णालयात रिकामा देऊन भरलेला घ्यायला गेलात आणि तोंड वेगळं निघालं, तर भरलेला सिलिंडर हातात असूनही गाडी रिकामी. प्रत्येक गाडीत दोन्ही प्रकारचे रेग्युलेटर, बुलनोजची किल्ली आणि पिन इंडेक्सचे दोन-तीन जादा सील एका डबीत ठेवा. सील हरवला की हवा गळते, आणि तो नेहमी रात्रीच हरवतो. डबी चालकाच्या सीटमागे बांधून ठेवावी, म्हणजे पाळी बदलली तरी जागा बदलत नाही.